दर्याघोरपडी भुईत निजल्या त्याची बखर

श्री. नमन पृथ्वीमातेस, जिचे उदरी उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही एकसारखे विरून जातात. नमन त्या धन्यास, ज्याचे अन्न खाऊन ही चार अक्षरे लिहावयाचे बळ आले. शके सोळाशे शहाऐंशी, तारण नाम संवत्सरे, आमचे डोंगरी राज्यात जे अपूर्व वर्तले, ते ज्यांनी डोळां पाहिले त्यांचे तोंडून ऐकून, पदरचे काही न घालता लिहिले आहे. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. जेथे पौषमासी हांड्यातले पाणी गोठते आणि गवतावर पांढरे हिव पसरते, ऐसे ते उंचावरचे राज्य, इतके पुरे.

तर जाहले ऐसे की, वैशाखात समुद्राकाठच्या फिरंगियांचा वकील तहाची बोलणी करावयास हुजूर आला आणि नजराण्यात घड्याळ, बनात आणि काचेची झुंबरे घेऊन आला, आणि सर्वांचे शेवटी आठ भोयांनी उचललेला लाकडी पिंजरा सभेत ठेविला. वरील गोणपाट काढिले, तो सारी सभा दोन पावले मागे सरली. आत चार घोरपडी होत्या; परंतु आपल्या कड्याकपारीच्या घोरपडी त्यांपुढे पाली म्हणाव्या. एकेक नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत तीन हात, अंगावर काळ्यापांढऱ्या मण्यांची जणू जाळी विणलेली, जीभ दुभंगलेली, आणि नजर ऐसी शांत की पाहणाराच आपली नजर खाली घाली. वकील बोलिला, "दर्यापलीकडे दूर मुलूख आहे, तेथे ऋतू आपल्या उलट चालतात. तेथील ही जनावरे. माणसाळतात, हाक ओळखतात, अंडी, मांस आणि गोड फळे खातात." महाराजांनी पुसिले, "आणि हिवाळ्यात काय करितात?" तेव्हां वकील बोलिला, "ते मज ठाऊक नाही. गलबतावर हिवाळा नव्हता."

मग महाराजांनी शिकारखान्याचे दारोगे हैबतराव यांस बोलावून जनावरे त्यांचे हवाली केली. शिकारखाना म्हणजे दरबारची रानजनावरे ठेवण्याचा कारखाना. चित्ते, सांबरे, अस्वले, ससाणे, कुल त्याखाली. हैबतरावांचे आजे आणि वडील याच कामावर खपले होते आणि हैबतराव स्वतः पन्नाशीचे, अंगाने दांडगे, आवाज ऐसा की चित्ता कान पाडी. परंतु जनावर आजारी पडले म्हणजे त्याचे उशाशी बसून राहत, जेवणाची शुद्ध ठेवीत नसत, आणि कोणत्या जनावरास काय दुखते हे आपणांस कळते, ऐसा त्यांचा लौकिक होता आणि त्यांचाही तोच समज होता. त्यांनी राजबागेत दक्षिणेकडील उतारावर भिंत घालून मोकळे आवार केले आणि चौघींस त्यात सोडिले. दर्यावरून आल्या म्हणून लोक त्यांस दर्याघोरपडी म्हणू लागले. चौघींत एक नर होता, त्याचे गाल दोहोंकडे ऐसे लोंबत की राज्याचे दिवाण आठवत. म्हणून त्याचे नाव दिवाणजी पडले, आणि खरे दिवाण बागेत आले म्हणजे सर्वांनी त्यास मोत्या म्हणावे ऐसे ठरले. माद्यांत मोठी ती थोरली, आणि बाकी दोघी मधली आणि धाकली. उन्हाळाभर आणि पावसाळाभर त्या हैबतरावांचे मागे मागे फिरत, त्यांचे पायावर हनुवटी टेकून उन्हात पडत, आणि हातातील उकडलेले अंडे ऐशा हळुवार उचलीत की बोटास दात लागत नसे. हैबतराव घरी जाऊन कुटुंबास सांगत, "तीस वर्षे जनावरे सांभाळिली, परंतु ऐसे विचार करणारे डोळे पाहिले नाहीत."

मग कार्तिक लागला आणि वारा फिरला. चौघींनी एकाएकी खाणे टाकिले. अंडे पुढे ठेविले तर तोंड फिरवीत, उन्हात येत परंतु लौकर परतत, आणि पुढल्या पायांनी भिंतीच्या बुडाशी माती उकरीत. उष्ण मुलुखातील जीव, थंडीने कासावीस जाहले, ऐसे हैबतरावांनी ताडिले आणि महाराजांची परवानगी घेऊन चौघींस हमामखान्यात नेले. हमामखाना म्हणजे दरबारी स्नानगृह, दगडी फरशीचे. तेथे त्यांनी खिडक्या लिंपिल्या, सहा शेगड्या पेटविल्या, कांबळी अंथरिली आणि आपण स्वतः तेथे बिछाना टाकिला. चमच्याने दूध-अंडे पाजिले, ते ओघळून जाई. घोरपडी निजत नव्हत्या आणि जाग्याही नव्हत्या. आणि सारा दिवस एकच आवाज येई, नखांनी दगड खरवडण्याचा. हैबतरावांस वाटे, वेदना होतात म्हणून पाय झाडितात. मग ते आणखी एक शेगडी आणवीत. ऐसे दीड महिना चालले. मार्गशीर्ष संपता संपता धाकली गेली, आणि तिसरे दिवशी मधली गेली. हैबतरावांनी मधलीस मांडीवर घेतले तो तिचे अंग कोरड्या पानासारखे हलके लागले, आणि पुढल्या पायांची नखे झिजून तेथे रक्त सुकले होते. तो दांडगा पुरुष भिंतीकडे तोंड करून रडला.

त्याच दिवशी हमामखान्याची मोरी फुटली होती, ती नीट करावयास वडारांचा तांडा बोलाविला होता. वडार म्हणजे दगडमातीचे काम करणारे, विहिरी आणि तळी खणणारे. काम असेल तेथे पाले ठोकून राहणारे. त्यांत हणमव्वा म्हणून एक चाळिशी ओलांडलेली बाई होती, नवरा दरडीखाली गेल्यापासून तीच तांड्याची म्होरकी. ती मोरीतून वर आली, चिखलाचे हात पुसले आणि उरलेल्या दोघींकडे, म्हणजे दिवाणजी आणि थोरली यांचेकडे, बहुत वेळ पाहत राहिली. मग बोलिली, "सरकार, एक बोलू का?"

हैबतराव बोलिले, "बोल."

"ह्यास्नी आजार न्हाई. ह्यास्नी खाली जायचंय."

"खाली कोठे?"

"भुईत. नखं बघा की. वाट मागाय लागल्यात, आन् खाली फरशी हाय."

हैबतराव संतापले आणि बोलिले, "बाहेर हिव पडते आहे. हत्तींस झुली घालतो आहो. आणि तू या जिवांस मातीत पुरा म्हणतेस?"

ती भ्याली नाही. बोलिली, "हिव वर पडतंय, सरकार. खाली कुठं पडतंय? म्या दोन कोडी, म्हंजी चाळीस हिरी खांदल्या. पुसाच्या म्हैन्यात वर दात वाजत्यात, आन् दीड पुरुस, दीड मान्साच्या उंचीइतकं, खाली गेलं की अंगातनं घाम निघतोय. तितक्या खोल मातीला हिवाळा ठावंच न्हाई. ही जनावरं ते जानत्यात. आपुन त्यास्नी जाऊ देत न्हाई."

राजबागेतील विहिरीतून हिवाळ्याचे सकाळी वाफ निघते, ती हैबतरावांनी जन्मभर पाहिली होती, आणि का निघते हे एकवारही पुसिले नव्हते. त्यांनी खाली बसून थोरलीचा पंजा हातात घेतला. दीड महिना जनावर दगडावर एकच गोष्ट लिहीत होते आणि आपण शेगडी वाढवीत होतो, हे त्यांचे ध्यानात आले.

दुसरे दिवशी हैबतराव हणमव्वेस घेऊन दरबारात उभे राहिले आणि मजकूर निवेदन केला. दिवाण बोलिले, "जित्या जनावरास पुरणे ही कोठली चाकरी?" राजशास्त्री बोलिले, "सूर्यावाचून ऊब आणि अन्नावाचून प्राण, ऐसे कोठे ऐकिले नाही." महाराज हैबतरावांस बोलिले, "दारोगे, दोन जीव तुमच्या उबेने गेले. उरलेले दोन या बाईच्या मातीत जगतील काय?"

हैबतराव बोलिले, "महाराज, मज ठाऊक नाही."

महाराज बोलिले, "तीन पिढ्या तुमचे घराणे पाहतो. हे बोलणे आज प्रथम ऐकिले." आणि हुकूम केला की, करावे. परंतु चैत्र सरेपर्यंत जनावरे जिवंत वर न आली तर दारोग्यांनी किल्ल्या ठेवून घरी बसावे, आणि वडारांचा तांडा हद्दीबाहेर जावा. मग हणमव्वेस पुसिले, "तीस पालांची तू जबाबदारी घेतेस?" ती बोलिली, "घेते जी. समदी पालं मातीवरच जगत्यात. तिच्यावर इस्वास ठेवायला आमास्नी कसलं भ्या?"

मग दक्षिणेच्या उतारावर, पाणी साचणार नाही आणि दिवसभर ऊन राहील ऐशी जागा पाहून काम चालू जाहले. हणमव्वेने तिरकस बोगदा खणिला, घोरपडीचे पोट घासेल इतकाच रुंद, आणि दीड पुरुष खोल गेल्यावर आत घंगाळाएवढी पोकळी केली. वर कडब्याचे थर घातले, त्यावर शेणमातीचा जाड लेप, त्यावर पाणी निथळावे म्हणून गवताचे छप्पर, आणि हवा जावी म्हणून खापराचा नळ बसविला. भोवती कोल्ह्याकुत्र्यांसाठी बोरीचे काटे लाविले. परंतु पोकळीची पलीकडली बाजू तिने अर्धी तैशीच सोडिली. हैबतरावांनी पुसिले, "ही का अपुरी?" ती बोलिली, "शेवटचा हात त्यांचा त्यास्नी मारू द्या. घर आपुन बांधलं तर त्ये आपलं. त्यांनी खांदलं तर त्यांचं."

पौष शुद्ध द्वितीयेस भर दोनप्रहरी दोघींस बोगद्याचे तोंडाशी सोडिले. खासे महाराज आले होते. दिवाणजीने जीभ काढून माती चाखिली, मान वर करून एकवार सूर्याकडे पाहिले आणि सरळ आत गेला. थोरली गेली नाही. ती मागे वळली, भोवतालचा पालापाचोळा हुंगिला, तोंडभर वाळलेली पाने घेऊन आत गेली, आणि पुन्हा बाहेर आली आणि पुन्हा पाने नेली. ऐसे सात वेळां केले. दीड महिना उपाशी जनावर, पाय रक्ताळलेले, आणि संसार मांडावा तैसे एकेक पान पाहून नेत होते. मग ती आत गेली ती आली नाही. आणि थोडक्या वेळात आतून माती सरकू लागली, आणि पाहता पाहता बोगद्याचे तोंड आतून बंद जाहले, जैसे घरधन्याने कवाड लोटावे. महाराजांनी पायांतले जोडे काढून ठेविले होते, आणि कधी काढिले हे त्यांसही आठवेना.

आणि मग तो हिवाळा आला. ऐसा हिवाळा वृद्धांच्याही आठवणीत नव्हता. हांडे फुटले. तळ्याचे काठी पाण्यावर काच पसरली आणि बगळे तिजवर उभे राहून खाली माशांस पाहत राहिले. वडाच्या झाडाखाली सकाळी राघू पडलेले सापडत. पीलखान्यात हत्तींस गूळ आणि सुंठ घालून, दोन दोन झुली पांघरून, तरी ते खोकत, आणि म्हातारा उंट पौष वद्यात मरून गेला. या सर्वांत राजबागेचे उतारावर एक मातीचा उंचवटा होता आणि त्यात हालचाल म्हणून नव्हती. हैबतराव रोज सकाळी जाऊन नळावर तळहात धरीत. थंड हवा लागे, आणि ते उगेच परत येत. दिवाण भर सभेत बोलिले, "दारोगे, आपण थडग्यावर पहारा करिता." लोक हसले. हैबतराव हसले नाहीत, कारण त्यांचे मनातही तेच आले होते. रोज त्यांस वाटे, आता उकरावे, निदान पाहावे. मेल्या असतील तर कळेल, जित्या असतील तर शेगडीपाशी न्याव्या. हणमव्वेस पुसिले तर ती म्हणे, "उघडलं की थंडी आत शिरंल." आणि पाटी डोक्यावर घेऊन कामास निघून जाई.

माघ शुद्ध अष्टमीपासून हैबतरावांनी नळावर हात धरणेही टाकिले होते; त्रयोदशीस त्यांचा धीर सुटला. तांबडे फुटता ते कुदळ घेऊन बागेत गेले. भुईवर हिव ऐसे दाट की चालताना काचा मोडल्यासारखा आवाज होई. उंचवट्यापाशी जाऊन त्यांनी कुदळ उगारिली, तो मागून हणमव्वा बोलिली, "सरकार."

ती काट्यांपाशी उभी होती. हैबतराव वळले नाहीत. बोलिले, "मज अडवू नको. मी आणखी एक दिवस काढू शकत नाही. त्या दोघी माझे डोळ्यांदेखत गेल्या. यांस तरी हाती घेईन."

ती बोलिली, "म्या अडवत न्हाई. तुमी धनी. पर कुदळ मारायच्या आदी खाली बघा."

हैबतरावांनी पाहिले. साऱ्या उतारावर हिव पांढरे शुभ्र पसरले होते. भिंतीवर, छपरावर, काट्यांवरही होते. परंतु खापराच्या नळाभोवती हातभर जागा ओली आणि काळी होती, आणि तेथे कोवळे गवत हिरवे उभे होते, आणि नळाचे तोंडातून सूक्ष्म वाफ निघत होती, जैसी माणसाचे तोंडातून थंडीत निघते. कुदळ बाजूस टाकिली. त्यांनी गुडघे टेकून नळावर तळहात धरिला. हात उबेने भरला. मग कान लाविला. पहिल्याने काहीच ऐकू येईना, आपलेच रक्त धडधडत होते. मग फार खोलून, फार सावकाश, एक श्वास आला. मग थांबला. मग बहुत वेळाने दुसरा आला.

"आग न्हाई, ऊन न्हाई, खाणं न्हाई," हणमव्वा हळूच बोलिली. "म्या मातीची ऊब जानते, सरकार. पर ही मातीची न्हाई. मातीची ऊब सदा येकच ऱ्हाते. ही चार दिसांखाली लागली. ही त्यांची हाय."

हैबतराव बोलिले, "तुम्हांस चार दिवस ठाऊक, आणि सांगितले नाही?"

"म्या बी भ्याले हुते," ती बोलिली. "आसं कधी बगितलं न्हाई."

ही वार्ता दरबारात गेली तेव्हां राजशास्त्री बोलिले, "भूमीचीच ऊब असेल. जनावराचे अंगी अन्नावाचून अग्नी कैसा राहील? परीक्षा करावी." मग त्यांनीच युक्ती सांगितली, आणि तीही थोरच होती. हणमव्वेने शेजारी तितक्याच खोलीचा, तैसाच, तैशाच नळाचा दुसरा खड्डा केला आणि तो रिकामा ठेविला. आठ दिवस जाऊ दिले. मग एके सकाळी महाराज, दिवाण, शास्त्री आणि सारे मानकरी उतारावर उभे राहिले, आणि लोण्याचे दोन गोळे, एका घटकेस एका मडक्यातून काढिलेले, थंडीने दगड जाहलेले, दोऱ्याने वाट्यांत बांधून दोन्ही नळांतून खाली सोडिले. दोन घटका वाट पाहिली. रिकाम्या खड्ड्यातील लोणी वर आले, ते बोट दाबले तर जेमतेम खूण उठली. मग दुसरा दोरा हैबतरावांनी स्वतः ओढिला. वाटी वर आली, आणि तीत गोळा राहिला नव्हता; लोणी वाटीचे बुडाशी बसले होते, तुळतुळीत आणि मऊ. शास्त्रीबोवांनी बोट बुडविले, दिवाणांनी बुडविले, महाराजांनी बुडविले. वारा वाहत होता आणि सर्वांचे तोंडांतून वाफा निघत होत्या, आणि पायांखाली दीड पुरुष खोल दोन जीव आपलेच अंगचा दिवा लावून निजले होते. शास्त्रीबोवांनी डोळे मिटले आणि बोलिले, "आमच्या पोथ्यांत हे नाही. पोथ्यांत नाही ऐसे किती असेल, हे आज प्रथम मनात आले." त्या दिवसापासून दिवाणांनी थडग्याचा शब्द काढिला नाही.

मग शिशिर सरला आणि नवे वर्ष लागले, त्याचे नाव पार्थिव, म्हणजे पृथ्वीपासून जाहलेले. चैत्र शुद्ध पंचमीस ऊन तापले असता उंचवट्यापाशी माती तडकली. बातमी लागताच लोक धावले, परंतु हैबतरावांनी सर्वांस काट्यांपलीकडे थांबविले. पहिल्याने जीभ आली. मग नाक आले, मातीने माखलेले. मग दिवाणजी सारा बाहेर आला, किंचित कृश, परंतु मणी ऐसे लखलखीत की जणू नवीन ओवले. आणि तो उन्हात पसरला आणि डोळे मिटून पडून राहिला, आणि राज्याचे अर्धे मानकरी त्याजकडे पाहत उभे आहेत याची त्यास पर्वा नव्हती. महाराजांचे डोळे भरून आले. परंतु थोरली आली नाही. त्या दिवशी नाही, दुसरे दिवशी नाही, आठ दिवस नाही. लोकांनी सांगितले, आता तरी उकरावे. हैबतराव बोलिले, "नाही." दहावे दिवशी महाराजांनी स्वतः पुसिले, "दारोगे, उकरावयाचे?" ते बोलिले, "महाराज, थोरली उकरा म्हणाली नाही." अकरावे दिवशी, दोनप्रहरी, थोरली वर आली. तिची नखे पुन्हा वाढली होती. ती हळूहळू चालत हैबतरावांपाशी आली आणि त्यांचे पायावर हनुवटी ठेवून थांबली. हैबतराव घटकाभर जागचे हलले नाहीत. पाय बधिर जाहला तरी हलले नाहीत.

मग दरबार भरला आणि महाराजांनी हैबतरावांस मानाची वस्त्रे पुढे केली. हैबतराव मुजरा करून बोलिले, "महाराज, दोन जीव माझ्या मायेने मेले. मी त्यांचे ऐकिले नाही. वस्त्रे मज शोभत नाहीत. ज्या बाईने ऐकिले तिला द्यावी." महाराजांनी हणमव्वेस पुढे बोलाविले आणि पुसिले, "काय पाहिजे ते माग." ती बोलिली, "लुगडं नगं, जिमीन बी नगं जी. बागेतली हीर माज्या सासऱ्यानं खांदली. तिचं पानी आमी कधी चाखलं न्हाई. पहारेकरी काठी उगारत्यात, आन् आमची बाया-मान्सं कोसभर लांबनं वढ्याचं पानी आनत्यात. त्या हिरीचं पानी प्याया मिळावं." महाराज सिंहासनावरून उठले, बागेत चालत गेले, आणि आपले हाताने पोहरा ओढून तिचे ओंजळीत पाणी घातले. त्या दिवसापासून त्या विहिरीवर पहारा राहिला नाही.

ज्येष्ठात थोरलीने गवताचे घरटे करून अंडी घातली आणि श्रावणात एकोणीस पिले जाहली, हिरव्या डोक्यांची. कार्तिक आला. दिवाणजी आणि थोरली यांनी खाणे टाकिले, आणि यंदा कोणी घाबरले नाही. परंतु त्याच सुमारास दूरच्या एका राज्यात तळ्याचे काम निघाले आणि वडारांची पाले उठली. हणमव्वा निरोप घ्यावयास उतारावर आली. थोरली तोंडात पाने घेऊन येत-जात होती. हैबतराव बोलिले, "बाई, तुम्ही निघालात. हिवाळ्यात काही बिघडले, काही शंका आली, तर कोणास पुसावे?"

ती हसली आणि बोलिली, "कुनाला इचारायचं न्हाई, दादा. काय करायचंच न्हाई. चार म्हैनं काय बी करायचं न्हाई, येवढंच काम."

"तेच जमत नाही," हैबतराव बोलिले.

"जमतंय," ती बोलिली. "यकांदा जमलंय न्हवं." आणि पहार खांद्यावर टाकून ती आपल्या गाढवांच्या मागे उतार उतरून गेली.

मग बोगद्याचे तोंड आतून बंद जाहले, आणि हैबतराव काही वेळ तेथे उभे राहिले, आणि त्यांचे हात रिकामे होते, आणि ते घरी गेले. त्या हिवाळ्यातही हांडे फुटले. त्यांनी चार महिने काही केले नाही. तीस वर्षांच्या चाकरीत इतके अवघड काम दुसरे नव्हते, ऐसे ते पुढे सांगत.

एवंच हकीगत. हैबतराव त्यानंतर बारा वर्षे कामावर राहिले, आणि उतारावरील उंचवटे दोनाचे नऊ जाहले, आणि एकही जीव पुन्हा थंडीने वा उबेने गेला नाही. जे ऐकिले ते ऐसे ऐकिले. का जाहले ते लिहिणारास कळले नाही, म्हणून लिहिले नाही. वाचणारांनी भुईवर पाऊल हळू ठेवावे. लेखनसीमा.